हौशी सायकल शर्यत क्लब

नोकरीधंदा सांभाळून सायकल शर्यतीत उतरणाऱ्यांनी स्वतःच्या वर्गणीवर चालवलेली संघटना. बक्षिसाच्या रकमेवर इथे कुणाचे घर चालत नाही. नागपुरात अशा मंडळींचे नाव झाले ते मात्र घोळक्याने धावायच्या शर्यतींपेक्षा लांब पल्ल्यामुळे.

उगम : हे क्लब मूळचे युरोपातले. १८६९ मध्ये पॅरिस–रूआँ ही १२३ किमी.ची शर्यत जेम्स मूर या इंग्रजाने जिंकली. लंडनचा पिकविक क्लब त्याच्या पुढच्याच वर्षीचा. इंग्लंडमध्ये लवकरच पंचाईत झाली. घोडे बुजतात, पोलीस अडवतात, म्हणून तिथल्या राष्ट्रीय संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींना मनाई केली. १८९५ मध्ये एफ. टी. बिडलेक यांनी पळवाट शोधली : स्पर्धक एकेक करून सोडायचे आणि प्रत्येकाची वेळ मोजायची. सुरुवात भल्या पहाटे, कपडे गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे, मार्गाला नावाऐवजी सांकेतिक खूण. खेळ कसला, कटच वाटावा! हीच टाइम ट्रायल. पुढे १९४२ मध्ये पर्सी स्टॅलर्ड यांनी मनाई झुगारून घोळक्याची शर्यत परत रस्त्यावर आणली.

भारतात : सायकलपटू जानकी दास १९३८ च्या सिडनीतील एम्पायर गेम्समध्ये (आजच्या राष्ट्रकुल स्पर्धा) उतरले, सायकलिंगचा राष्ट्रीय महासंघ १९४६ चा. महाराष्ट्रात मान मुंबई–पुणे शर्यतीचा. बोरघाट सर्वांत आधी चढून जाणारा ‘घाटाचा राजा’.

नागपूर : इथे घाट नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मी. उंचीवर, आसमंत बहुतेक सपाट. चढाचा सराव सेमिनरी हिल्सवर, तोही चार पायडलांत संपणारा. खरी चढण हवी तर अमरावती ओलांडून चिखलदरा गाठावे लागते. उलट वर्धा रोड, अमरावती रोड, रामटेककडचा रस्ता असे लांबच लांब रस्ते हाताशी. त्यामुळे ‘ब्रेव्हे’ हा ठरलेले लांब अंतर ठरलेल्या वेळेत कापायचा मूळ फ्रेंच प्रकार इथे मानवला. त्यात २०० किमी. साडेतेरा तासांत, ३०० वीस, ४०० सत्तावीस आणि ६०० चाळीस तासांत संपवायचे. चारही एका हंगामात केले की ‘सुपर रँडोनर’ हा किताब. क्रमांक काढत नाहीत, म्हणून काटेकोर अर्थाने ही शर्यत नव्हेच. वाटेतल्या तपासणी-ठाण्यांवर कार्डावर शिक्का घ्यायचा, रात्री परावर्तक जॅकेट घालायचे.

डॉ. अमित समर्थ हे नागपूरचे. त्यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किमी.ची शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक हा ९,००० किमी.हून लांब पल्लाही.

मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, म्हणून रोजची राइड उजाडायच्या आत निघते. रांगेतला पहिला वारा कापतो, मागच्यांना हाताने खड्डा दाखवतो, दमला की बाजूला होऊन शेपटाला जातो. शेवट बहुधा तर्री-पोह्याच्या गाडीवर. खाल्लेल्या तर्रीचा हिशेब मात्र कुठल्याच वेळपत्रकात धरत नाहीत.