गरोदरपणातील अर्धशिशी सोसत राहू नये

पोटातल्या बाळाला अपाय होईल या भीतीने अर्धशिशीचा ठणका निमूटपणे सोसणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या सोशिकपणाचे कौतुकही होते. परंतु डोके दुखते म्हणून जेवण सुटते, उलट्यांमुळे शरीरातले पाणी कमी होते, झोप मोडते आणि यातूनच पुढचा झटका लवकर येतो.

अर्धशिशीचा इस्ट्रोजेन या संप्रेरकाशी जवळचा संबंध आहे. पाळीच्या सुमारास त्याची पातळी घसरते तेव्हा अनेकींचे डोके दुखते. गरोदरपणात ही पातळी वाढत जाते आणि पाळीतले चढउतार थांबतात, त्यामुळे चौथ्या महिन्यापासून निम्म्याहून अधिक स्त्रियांचा त्रास कमी होतो. ज्यांना डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात, त्यांना मात्र हा दिलासा कमी मिळतो. पहिले तीन महिने सर्वांत कठीण जातात, कारण मळमळ, उपाशी पोट आणि अपुरी झोप एकाच वेळी वाट्याला येतात. थोड्या थोड्या वेळाने खाणे, पाणी पीत राहणे, झोपेची वेळ न बदलणे आणि झटका येताच अंधाऱ्या, शांत खोलीत पडणे हे उपाय साधे वाटले तरी त्यांचा खरोखर उपयोग होतो. कॉफीची सवय असेल तर ती हळूहळू कमी करावी, कारण एकदम सोडल्यानेही डोके दुखते. दिवसाला 200 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन मात्र घेऊ नये.

एवढ्याने भागले नाही, तर पॅरासिटामॉल हे पहिले औषध. ते योग्य मात्रेत आणि झटक्याच्या सुरुवातीलाच घ्यावे. परंतु महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस घ्यावे लागत असेल, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते. त्याने उतार पडत नसेल, तर डॉक्टर सुमाट्रिप्टान हे खास अर्धशिशीवरचे, ट्रिप्टान गटातले औषध देऊ शकतात. या गटातील औषधांपैकी गरोदरपणातला सर्वाधिक अनुभव त्याचाच आहे. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी 20 आठवड्यांनंतर बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते. (रक्तदाबाच्या धोक्यासाठी डॉक्टरांनी दिलेले कमी मात्रेचे ॲस्पिरिन ही वेगळी गोष्ट आहे, ते आपल्या मनाने बंद करू नये.) अर्गोटामीन हे अर्धशिशीवरचे जुने औषध तर पूर्णपणे वर्ज्य, कारण त्याने गर्भाशय आकुंचन पावते आणि वारेकडे जाणारा रक्तप्रवाह घटतो. अर्धशिशी टाळण्यासाठी रोज दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट यांमुळे बाळात जन्मजात व्यंगे निर्माण होऊ शकतात. म्हणून अशा गोळ्या चालू असणाऱ्या स्त्रीने दिवस राहण्याची वाट न पाहता, मूल हवे असे ठरवतानाच डॉक्टरांशी बोलावे, ही गोष्ट मला सर्वांत कळकळीने सांगावीशी वाटते.

अर्धशिशी असलेल्या स्त्रीला आपले दुखणे चांगलेच ओळखीचे असते, आणि म्हणूनच अनोळखी दुखण्याकडे तिने दुर्लक्ष करू नये. 20 आठवड्यांनंतर नव्याने सुरू झालेली तीव्र डोकेदुखी, धूसर दिसणे, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणे, चेहऱ्यावर एकाएकी सूज येणे किंवा 140/90 आणि त्याहून जास्त रक्तदाब ही प्रीएक्लॅम्प्सियाची, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून आई आणि बाळ दोघांनाही धोका निर्माण करणाऱ्या विकाराची, लक्षणे असू शकतात. क्षणार्धात कळस गाठणारी वेदना, ताप, आकडी (फिट) येणे किंवा हातापायांतली शक्ती जाणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच वेळी रुग्णालय गाठावे. प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका प्रसूतीनंतरही सुमारे 6 आठवडे राहतो, आणि त्याच काळात इस्ट्रोजेन घसरल्यामुळे जुनी अर्धशिशीही परतते. मात्र तेव्हा पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेनही अंगावर पाजणाऱ्या आईला सहसा घेता येते.