दाढीवाली टर्की मादी: 'दाढी दिसली की चालतं' हा नियम आला कुठून?

अमेरिकेत वसंतातल्या रानटर्की या मोठ्या पक्ष्याच्या शिकारीला एकच देशव्यापी नियम नाही. पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियात पक्ष्याला दाढी, म्हणजे छातीवर लोंबणारा राठ केसांसारखा झुपका, हवी, एवढीच अट आहे. अलाबामा आणि जॉर्जियात फक्त नर. टेक्सासच्या बऱ्याच काउंट्यांत (जिल्ह्यांत) 'नर किंवा दाढीवाली मादी' चालते, पूर्वेकडच्या काउंट्यांत मात्र नरच. दाढी ही नराची खूण, पण ती काही माद्यांनाही येते. प्रमाण जागेनुसार बदलतं, पण ढोबळमानाने दहात एक धरतात. मग अशी मादी समोर आली तर चाप ओढायचा का, हा वाद दर वसंतात नव्याने पेटतो.

जंगलतोड आणि बेसुमार शिकारीने अमेरिकेतली रानटर्की एकेकाळी संपत आली होती. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळला. सुरुवातीला त्यांनी पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं रानात सोडली आणि तिथेच फसली. आईविना वाढलेल्या पिल्लांना शत्रू ओळखता येत नव्हता, शिवाय पाळीव कळपांतले रोग रानात जाण्याची भीती होती. गाडी रुळावर आली ती १९५१ मध्ये, दक्षिण कॅरोलिनात. पाणपक्षी धरण्यासाठी बनवलेलं तोफेचं जाळं, म्हणजे छोट्या तोफांनी पक्ष्यांवर फेकलं जाणारं जाळं, तिथे टर्कीवर वापरलं गेलं. मक्याचे दाणे ओळीत टाकायचे, शेजारी घडी घातलेलं जाळं पाल्यात लपवायचं आणि सगळ्या माना खाली गेल्या की बार उडवायचा. एखादी मान वर असताना बार उडाला तर तो पक्षी जाळ्याबाहेर निसटायचा किंवा जखमी व्हायचा. अशा धरलेल्या खऱ्या रानपक्ष्यांवरच पुढे एकेका राज्यात कळप उभे राहिले.

कळप वाढले तशी वसंतातली शिकार उघडली. मिसूरीत १९६० मध्ये, पेनसिल्व्हेनियात १९६८ मध्ये. हिशेब सरळ होता. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, म्हणून समागम उरकत आल्यावर थोडे नर कमी झाले तरी अंडी घटत नाहीत. प्रश्न होता नर ओळखायचा कसा. पायावरचा काटा गवतात दिसत नाही आणि पहाटेच्या उजेडात डोक्याचा रंग फसवतो. दाढी तेवढी लांबून दिसते आणि मेलेल्या पक्ष्यावरही तपासता येते. म्हणून कागदावर 'नर' ऐवजी 'दाढी' आली. हेतू नर मारण्याचाच होता. दाढीवाली मादी त्या शब्दातून आत शिरली. तिला मारा, असं कुणी मुद्दाम ठरवल्यासारखं दिसत नाही.

दाढीवाली मादी मारू देण्याच्या बाजूने बोलणारे तीन मुद्दे मांडतात. पहिला, वसंतातल्या एकूण शिकारीत अशा माद्यांचा वाटा फारच थोडा असतो. दुसरा, नियम नरापुरता केला तर दाढी पाहून प्रामाणिकपणे बार टाकणारा शिकारी गुन्हेगार ठरेल आणि पक्षी रानातच टाकून निघून जाईल. दुसऱ्या मुद्द्यात दम आहे. तिसरा मुद्दा मात्र निखालस खोटा आहे: दाढीवाली मादी वांझ असते म्हणे. ती इतरांसारखीच घरटं करते, अंडी घालते, पिल्लं वाढवते.

खरी अडचण वेळेची आहे. मादी साधारण रोज एक याप्रमाणे दहा-बारा अंडी घालते, म्हणजे जवळजवळ दोन आठवडे. त्या काळात ती घरट्यावर थोडाच वेळ थांबते, बाकी दिवसभर चरते, नरांसोबत फिरते. मग अठ्ठावीस दिवस उबवण, आणि तेव्हा ती क्वचितच उठते. म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला बंदुकीसमोर येणारी मादी बहुधा अंडी घालायच्या दिवसांत असते. कोल्ह्याने किंवा रकूनने (तिथल्या एका लहान रानटी प्राण्याने) घरटं लुटलं तर ती पुन्हा घालू शकते. ती स्वतःच गेली तर त्या वर्षीचा तिचा सगळा विणीचा हिशेब संपतो.

कळप भरभरून वाढत होते तोवर हे नुकसान पचत होतं. गेल्या दोन दशकांत आग्नेयेकडच्या राज्यांत एका मादीमागे जगणारी पिल्लं घटली. काही राज्यांनी हंगाम उशिरा सुरू केला, एका शिकाऱ्याने किती पक्षी मारायचे याची मर्यादा कमी केली. अशा ठिकाणी कायदा परवानगी देत असला तरी दाढीवाली मादी सोडून द्यावी, हेच योग्य.

त्यासाठी दाढी शेवटी बघायची, आधी डोकं आणि छाती. नराचं डोकं उघडं, लाल-पांढरं-निळं. मादीचं राखाडी-निळसर, मानेवर बारीक पिसं चढत गेलेली. नराच्या छातीच्या पिसांची टोकं काळी, मादीची फिकट तपकिरी, त्यामुळे तिची छाती उजेडात तांबूस दिसते. तिची दाढी बुटाच्या नाडीसारखी बारीक असते. एक वर्षाच्या नराची दाढीही तीन-पाच इंचांचीच असते, म्हणून नुसत्या लांबीवर जाऊ नये. उलटही घडतं: बर्फ गोठून दाढी तुटलेला जुना नर समोर उभा असतो आणि 'दाढी'च्या राज्यात तो मारता येत नाही.

टेक्सासात मारलेल्या पक्ष्याचा पुरावा म्हणून नराचा काट्यासह पाय पक्ष्याला लागलेला ठेवावा लागतो, किंवा दाढी आणि छातीची पिसं असलेला कातडीचा तुकडा पक्ष्यासोबत ठेवावा लागतो. मादीला पायाचा पर्याय नाही. दाढी आणि पिसांचा तुकडाच लागतो. तपासनिसाला दाढी पुरत नाही, पिसंही बघावी लागतात. शिकाऱ्यानेही चाप ओढण्याआधी तेवढंच बघायचं आहे.