मालदीव : बेटावरच्या गावात पाहुणा उतरू लागला तेव्हा

मालदीवच्या कवड्या एकेकाळी बंगालच्या बाजारात चलन म्हणून चालत. तिथे सुट्टीला जाण्याची गोष्ट मात्र अलीकडची. पहिलं रिसॉर्ट १९७२ साली मालेजवळच्या एका बेटावर उघडलं. खोल्या प्रवाळाच्या दगडांच्या, वर झावळ्यांचं छप्पर.

पुढे धोरण ठरलं ते असं : रिसॉर्ट निर्जन बेटावरच, आणि एका बेटावर एकच. सुमारे १२०० बेटांपैकी वस्ती दोनेकशे बेटांवर, त्यामुळे जागेची अडचण नव्हती. मुस्लिम गावांच्या चालीरीतींना धक्का लागू नये, हे कारण दिलं गेलं. ते खोटं नव्हतं, पण त्याची किंमत गावांनी मोजली. पाहुणा विमानतळावरून थेट रिसॉर्टवर जाई आणि गावातला तरुण त्याच रिसॉर्टवर चाकरीसाठी महिनोन् महिने घर सोडून राही. तारकर्ली-देवबागच्या माणसाला यातली खोच लगेच कळेल. आपल्याकडे पाहुणा घरातच उतरतो, सकाळी रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावर ओढलेल्या जाळ्यावर, घेतलेला मासा दुपारी त्याच्या ताटात असतो आणि पैसे घरात राहतात. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्यानंतर किनाऱ्यावर पर्यटन वाढलं ते बरंचसं याच न्याहारी-निवासाच्या बळावर.

मालदीवमध्ये हे दार २००९ साली उघडलं. २००८ च्या बहुपक्षीय निवडणुकीनंतर आलेल्या सरकारने वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसना परवानगी दिली. धर्म-संस्कृतीची काळजी असणारे नाराज झाले, स्वस्त पर्यटनाने देशाचं नाव उतरेल असंही म्हटलं गेलं. तोडगा निघाला तो आजही चालू आहे : गावात दारू बंद, आणि पोहण्याच्या कपड्यांसाठी आडोसा केलेला वेगळा किनारा. माफुशीसारख्या बेटाचं रूप काही वर्षांतच पालटलं. न्याहारीला मास हुनी मिळू लागली, म्हणजे कुपा मासा, खवलेला नारळ, कांदा, मिरची आणि लिंबू, सोबत चपातीसारखी रोशी. मालवणी माणसाला हे ताट परकं वाटणार नाही. १९७२ पासूनच्या सगळ्या निर्णयांत हाच सर्वांत मोलाचा, असं मला ठामपणे वाटतं.

मध्यमवर्गीय भारतीयाला मालदीव परवडू लागलं त्यात या गेस्टहाउसचा मोठा वाटा आहे. सी-प्लेनऐवजी बोटीने जाता येतं आणि खोलीचं भाडं रिसॉर्टच्या मानाने बरंच कमी असतं. २०२१ ते २०२३ सलग तीन वर्षं तिथल्या पाहुण्यांत भारतीय पहिल्या क्रमांकावर होते. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या काही उपमंत्र्यांनी भारताविषयी केलेल्या टिप्पण्यांवरून भारतात मालदीववर बहिष्काराची हाक उठली, भारतीयांची संख्या घसरली आणि त्या वर्षी चिनी पर्यटक पुढे गेले.