माओरी मतदारसंघ

माओरी मतदारसंघ : न्यूझीलंडच्या संसदेत तिथल्या मूळ रहिवासी माओरींसाठी असलेल्या स्वतंत्र जागा. सध्या त्या ७ आहेत. भारतातल्या राखीव जागेवर उमेदवार ठरावीक समाजाचा असतो आणि मत सगळे देतात. इथे नेमके उलटे. १९६७ पासून उमेदवार कोणीही असू शकतो, मत मात्र माओरी मतदारयादीत नाव असलेल्यांनाच देता येते. पुणे करारात (१९३२) डॉ. आंबेडकरांना ज्या विभक्त मतदारसंघांवर पाणी सोडावे लागले, त्यांच्याशी या व्यवस्थेचे बरेच जुळते.

सुरुवात १८६७ च्या कायद्याने झाली. तोवर मताधिकार वैयक्तिक मालमत्तेवर अवलंबून होता आणि माओरींची जमीन सामाईक, टोळीच्या मालकीची. त्यामुळे बहुतेकांना मतच नव्हते. नव्या कायद्याने २१ वर्षांवरील सर्व माओरी पुरुषांना मत मिळाले. गोऱ्या पुरुषांना असा सरसकट अधिकार मिळायला १८७९ उजाडले. म्हणून याला औदार्य म्हणावे तर जागा दिल्या फक्त ४. लोकसंख्येच्या मानाने त्याच्या तिपटीहून अधिक मिळायला हव्या होत्या. पाच वर्षांची म्हणून केलेली ही सोय १८७६ मध्ये बेमुदत झाली, पण ४ हा आकडा पुढे सव्वाशे वर्षे हलला नाही.

मतदानाची रीतही वेगळी होती. गोऱ्यांना १८७० मध्ये गुप्त मतदान मिळाले. माओरींचे मत आधी हात वर करून आणि १९१० पासून अधिकाऱ्यासमोर उमेदवाराचे नाव तोंडाने सांगून नोंदवले जाई. ओळखीपाळखीच्या वस्तीत असे मत कितपत मोकळेपणाने दिले जात असेल, हा प्रश्नच आहे. गुप्त मतपत्रिका त्यांच्या हाती आली ती १९३८ च्या निवडणुकीत.

या जागांवरून मोठी माणसे संसदेत आली. आपिराना न्गाटा १९०५ पासून ३८ वर्षे निवडून येत राहिले. १९४३ मध्ये राताना या धार्मिक चळवळीच्या उमेदवाराने त्यांना हरवले. राताना आणि मजूर पक्षाच्या युतीमुळे या चारही जागा पुढे अनेक दशके मजूर पक्षाकडे राहिल्या.

आपले नाव माओरी यादीत ठेवायचे की सर्वसाधारण, ही निवड १९७५ पासून प्रत्येक माओरी मतदाराची स्वतःची आहे. निवडणूक पद्धतीचा विचार करणाऱ्या १९८६ च्या शाही आयोगाने प्रमाणशीर पद्धत (पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा) आणून या जागा रद्द करण्याची शिफारस केली. पद्धत आली, जागा राहिल्या. माओरींनी त्या सोडल्याच नाहीत. १९९३ च्या कायद्याने जागांची संख्या माओरी यादीतल्या नावांच्या प्रमाणाशी जोडली, आणि ती १९९६ मध्ये ५, १९९९ मध्ये ६, २००२ मध्ये ७ झाली. त्यांतला ते ताई तोंगा हा मतदारसंघ एवढा पसरलेला आहे, की अख्खे दक्षिण बेट त्यात येते.

२०२३ मध्ये माओरी पक्षाने ७ पैकी ६ जागा जिंकल्या. हाउराकी-वाइकातोमध्ये २१ वर्षांच्या हाना-राफिती माइपी-क्लार्क यांनी तत्कालीन परराष्ट्रमंत्री ननाया माहुता यांना हरवले.

मतदानाचे वय किंवा संसदेची मुदत बदलायला तिथे ७५ टक्के खासदार किंवा सार्वमत लागते. माओरी जागांना हे संरक्षण नाही. त्या साध्या बहुमताने रद्द होऊ शकतात.