नॉर्वेतील बढती प्ले-ऑफ: पात्रता, परवाना आणि अडणारी कागदपत्रे

नॉर्वेच्या फुटबॉलमध्ये ‘दुसरा डिव्हिजन’ म्हणजे प्रत्यक्षात तिसरी पातळी, कारण त्याच्या वर पहिला डिव्हिजन आणि त्याच्याही वर एलितेसेरीएन आहे. पात्रतेविषयीचे निम्मे गैरसमज येथेच सुरू होतात.

या पातळीवर प्रत्येकी 14 संघांचे दोन गट असून दोन्ही गटविजेते थेट वर जातात. उपविजेते एकमेकांशी घरच्या आणि परक्या मैदानावर अशा दोन लढती खेळतात. मात्र ही फेरी जिंकली म्हणजे बढती मिळाली, असे नव्हे, कारण विजेत्याला त्यानंतर पहिल्या डिव्हिजनमध्ये 14व्या आलेल्या संघालाही हरवावे लागते. मोठ्या क्लबांचे राखीव संघ पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळूच शकत नाहीत, त्यामुळे तक्त्यात त्यांचे स्थान पाहून पात्रतेचा हिशेब मांडू नये.

सामन्यांचे स्वरूपही दरवर्षी तेच राहील, असे गृहीत धरू नका. 2021 मध्ये एलितेसेरीएनच्या जागेसाठी ब्रान आणि ग्रिमस्टाड शहराचा यर्व या क्लबांत क्रिस्तियानसांडच्या तटस्थ मैदानावर एकच सामना झाला. 4-4 अशा बरोबरीनंतर यर्वने पेनल्टींवर बाजी मारली. म्हणून त्या-त्या हंगामाची नियमावली आधी वाचावी.

मैदानावर जिंकूनही काम संपत नाही. वरच्या दोन पातळ्यांसाठी नॉर्वेजियन फुटबॉल महासंघाचा क्लब-परवाना लागतो आणि त्यासाठी लेखापरीक्षित हिशेब, अंदाजपत्रक, मैदानाची व प्रशिक्षकांच्या पात्रतेची माहिती द्यावी लागते. ही कागदपत्रे बहुतेकांकडे असतात. गाडी अडते ती दुसरीकडेच. नॉर्वेतील क्लब सदस्यांच्या मालकीचे असल्याने परवाना क्लबाला मिळतो, गुंतवणूकदारांचा पैसा आणणाऱ्या कंपनीला नाही. जेथे खेळाडूंचे पगार कंपनी देते, तेथे क्लब आणि कंपनी यांच्यातील सहकार्य-करार हवाच, आणि नेमका तोच अर्धवट किंवा जुना निघतो. खेळाडूंचे पगार, इतर क्लबांचे हस्तांतरण-शुल्क किंवा कर थकवून प्ले-ऑफची तिकिटे विकणाऱ्या कार्यकारिणीने तर आधी तिजोरी तपासावी.

महासंघ क्लबांची आर्थिक स्थिती हिरव्या, पिवळ्या आणि लाल गटांत मोजतो. लाल गटात गेलेल्या क्लबाला सुधारणेचा आराखडा सादर करावा लागतो, आणि ‘नवे प्रायोजक मिळतील’ एवढ्या एका ओळीला आराखडा म्हणत नाहीत.