मयणल्लादेवी: चांदोरची लेक, पाटणची राजमाता

गोव्यात सासष्टी तालुक्यात कुशावतीच्या काठी चांदोर गाव आहे. हेच जुनं चंद्रपूर, गोव्याच्या कदंबांची राजधानी. 1929 मध्ये फादर हेरास यांनी इथल्या कोटात उत्खनन केलं तेव्हा शिवमंदिराचे अवशेष हाती आले. शिर तुटलेला नंदी तिथे आजही आहे. या घराण्यातली मुलगी मयणल्लादेवी अकराव्या शतकात गुजरातेत अणहिलपाटणला दिली. चौलुक्य राजा कर्णाची ती राणी, सिद्धराज जयसिंहाची आई. गुजरातेत मीनळदेवी हे तिचं नाव घरोघरी ठाऊक आहे. माहेरी, कोकणात, ते क्वचितच ऐकू येतं, याची मला मनापासून खंत वाटते.

तिची माहिती मुख्यतः दोन जैन ग्रंथकार देतात. हेमचंद्र सिद्धराजाच्याच दरबारात वावरलेले. ‘द्व्याश्रय’ काव्यात ते तिचा बाप चंद्रपूरचा जयकेशी असं सांगतात. चित्रकार तिचं चित्र घेऊन कर्णाकडे येतो आणि तिने मनोमन कर्णालाच वरलेलं असतं. मेरुतुंगाने ‘प्रबंधचिंतामणि’ लिहिला तो तिच्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी. त्याची कथा अगदी उलटी. कर्णाला ती रूपाने पसंत पडत नाही, तो लग्नाला नकार देतो. ती सख्यांसह अग्निप्रवेशाला निघते. पाटणच्या प्रसिद्ध ‘राणी की वाव’शी जिचं नाव जोडलेलं आहे ती सासू उदयमतीही तिच्याबरोबर जीव द्यायला तयार होते, तेव्हा कुठे लग्न लागतं. तरीही राजा तिचं तोंड पाहत नाही, आणि पुढे मुंजाल मंत्र्याला युक्ती लढवावी लागते.

लोकांच्या तोंडी हीच दुसरी कथा राहिली. माझं मत मात्र हेमचंद्रांच्या बाजूने आहे. मेरुतुंग जयकेशीच्या बापाचं नाव शुभकेशी देतो. कदंबांच्या कोरीव लेखांत ते षष्ठदेव आहे. ज्याला तिच्या आजोबांचं नाव नीट पोचलं नाही, त्याने सांगितलेल्या अंतःपुरातल्या गोष्टींवर किती भिस्त ठेवायची? जयकेशीचा लाडका पोपट मांजराने मारला आणि दिलेल्या शब्दाखातर राजाने त्याच्याबरोबर चितेत प्रवेश केला, हेही त्याचंच कथन.

एका बाबतीत त्याला दोष देता येत नाही. तो जयकेशीला कर्णाटाचा राजा म्हणतो. गोव्याचे कदंब हे कर्णाटकातल्या कल्याणीच्या चालुक्यांचे महामंडलेश्वर होते. म्हणजे ती सम्राटाची नव्हे, मांडलिकाची मुलगी. पण हा मांडलिक असा की त्याच्या ताब्यात बंदर होतं, जहाजं होती. जयकेशीनेच राजधानी चांदोरहून गोपकपट्टणला, आजच्या थोरल्या गोव्याला, समुद्राजवळ नेली.

कदंबांच्या इतिहासात मैलळदेवीही येते, आणि दोघींची गल्लत सहज होते. मैलळदेवी ही चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याची मुलगी, जयकेशीच्या नातवाला, दुसऱ्या जयकेशीला, दिलेली. एक गोव्याहून बाहेर गेली, दुसरी बाहेरून गोव्यात आली.

कर्णानंतर सिद्धराज लहानपणीच गादीवर आला आणि राजमाता म्हणून तिचा शब्द चालू लागला. धोळक्याचा मलाव तलाव तिने बांधवला असं मानतात. एका बाईने तलावासाठी आपलं घर विकायला नकार दिला, तेव्हा राणीने जबरदस्ती न करता तलावाचा आकार वाकडा होऊ दिला. न्याय बघायचा तर मलाव बघा, असं गुजराती म्हण सांगते.

तिचं सर्वांत मोठं काम सोमनाथाचं. यात्रेकरूंकडून बाहुलोड इथे कर घेत. तो न परवडणारे लोक दर्शनावाचून परत फिरत. आईच्या आग्रहावरून सिद्धराजाने हा कर उठवला. त्याचं उत्पन्न 72 लाख होतं असं मेरुतुंग लिहितो. तिची ही कळकळ तो पूर्वजन्मीच्या कथेने समजावतो. मला तिचं मूळ माहेरी दिसतं. कदंब राजा गुहल्लदेव समुद्रमार्गे सोमनाथाला निघाला असता जहाजाची डोलकाठी मोडली आणि गोव्याच्या बंदरात मदुमद या अरब व्यापाऱ्याने त्याला मदत केली, हे कदंबांच्या ताम्रपटातच नोंदलेलं आहे. याच मदुमदाच्या वंशातला सदन पुढे जयकेशीच्या पदरी मोठ्या अधिकारावर होता. सोमनाथाच्या वाटेवरचे हाल आणि वाटेत मिळालेली मदत, दोन्ही या घराण्याने अनुभवलेलं होतं. अशा घरात वाढलेल्या मुलीला परत फिरणारा यात्रेकरू बघवला नसेल, असं मला वाटतं.