कॅसिओ सीझेड-१०१

कॅसिओ सीझेड-१०१ हा जपानच्या कॅसिओ कंपनीने १९८४-८५ च्या सुमारास बाजारात आणलेला डिजिटल सिंथेसायझर. मिडीची, म्हणजे वाद्ये एकमेकांना जोडायची, सोय असलेल्या पहिल्या पिढीतल्या स्वस्त वाद्यांत त्याची गणना होते. अमेरिकेत त्याची छापील किंमत ४९९ डॉलर होती. त्याच काळात स्टुडिओंमध्ये बोलबाला असलेल्या यामाहा डीएक्स-७ ची १,९९५ डॉलर. अंग प्लॅस्टिकचे, चार सप्तकांच्या ४९ पट्ट्या पण त्याही चिमुकल्या, गिटारसारखा पट्टा लावून गळ्यात अडकवायची सोय. दिसायला खेळणेच. पण मिडीचे एक काम या खेळण्याला डीएक्स-७ पेक्षा चांगले जमत होते.

आपल्याकडे ‘कॅसिओ’ म्हटले की ऑर्केस्ट्रातला नाहीतर भजनी मंडळातला कीबोर्ड डोळ्यांपुढे येतो, मग तो कोणत्याही कंपनीचा का असेना. कॅसिओने १९८० मध्ये कॅसिओटोन २०१ आणून घरगुती कीबोर्डांची जी रांग सुरू केली, तिच्यातून हा अर्थ रुळला. सीझेड-१०१ त्या रांगेतला नव्हे. त्याला स्पीकर नाही आणि बटण दाबताच सुरू होणारा ताल नाही. अँप्लिफायर किंवा हेडफोन जोडल्याशिवाय तो मुकाच.

मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायची सामाईक भाषा. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यमेळ्यात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ अशी दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्ये तारेने जोडून एकावरून दुसरे वाजवून दाखवण्यात आले. या पाच पिनांच्या तारेतून आवाज जात नाही, हुकूम जातात: अमुक पट्टी दाबली, अमुक सोडली. वेग सेकंदाला ३१,२५० बिट, त्यामुळे एक सूर सुरू करण्याचा तीन बाइटचा हुकूम पोचायला साधारण १ मिलिसेकंद लागतो. शिवाय एकाच तारेतून १६ चॅनेल जातात, म्हणजे एका तारेवर सोळा वादकांना वेगवेगळे निरोप देता येतात.

डीएक्स-७ या सोळांपैकी एकाच चॅनेलचे ऐके आणि एका वेळी एकच आवाज काढे. सीझेड-१०१ मात्र लागोपाठच्या चार चॅनेलांवर चार निरनिराळे आवाज वाजवू शके. सिक्वेन्सर (सुरांचे हुकूम साठवून क्रमाने पाठवणारे यंत्र) किंवा संगणक जोडला की एकावर बेस, दुसऱ्यावर धून, उरलेल्या दोघांवर भरणीचे सूर. अट एवढीच की अशा वेळी प्रत्येक आवाजाला एका क्षणी एकच सूर मिळे. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे दोनतीन सूर, हवा असेल तर दोनतीन चॅनेल त्यातच खर्ची पडत. चारही आवाज एकाच मोनो सॉकेटमधून बाहेर पडत, त्यामुळे नुसत्या धुनेला इको द्यायचा म्हटले तर बेसलाही तो मिळायचा. तरीही एका वाद्याच्या पैशांत चार वादक हाताशी येत होते. ब्रिटिश संगीतकार व्हिन्स क्लार्क यांनीही ते वापरले.

आवाज घडवण्याच्या पद्धतीला कॅसिओने ‘फेज डिस्टॉर्शन’ असे नाव दिले. ती समजायला एसटीचे उदाहरण चालेल. गाडी ठरल्या वेळी सुटते आणि ठरल्या वेळी पोचते. पण ड्रायव्हरने अर्धा रस्ता सुसाट मारला आणि पुढचा रमतगमत काढला, तर वेळ तीच राहून प्रवासाचा नूर पालटतो. इथे रस्ता म्हणजे स्मृतीत साठवलेली कोसाइन लहर. ती एकसारख्या गतीने वाचली तर बासरीसारखा गुळगुळीत सूर येतो. सुरुवात घाईने आणि शेवट सावकाश वाचला की लहर एका बाजूला कलून करवतीच्या दात्यासारखी होते आणि आवाज खरखरीत, चकचकीत होतो. आवर्तनाचा एकूण वेळ न बदलल्यामुळे सुराची उंची तीच राहते. घाई हळूहळू वाढवली की जुन्या अॅनालॉग सिंथचा, आवाजातली चकाकी गाळणारा फिल्टर उघडल्याचा भास होतो, प्रत्यक्षात मात्र फिल्टर नावाचा भागच आत नाही.

ही घाई, सुराची उंची आणि आवाजाचा जोर यांना प्रत्येकी आठ टप्प्यांचे एन्व्हलप, म्हणजे सूर सुरू झाल्यापासून विरेपर्यंत ती गोष्ट कशी बदलावी याचा आराखडा, आहे. आवाज घडवणाऱ्या दोन स्वतंत्र ओळी, प्रत्येकीची तीन एन्व्हलप, टप्प्यागणिक वेग आणि पातळी असे दोन आकडे: एकूण ९६ आकडे, छोट्याशा पडद्यावर एकेक बघत बटणांनी भरायचे. कंटाळवाणे काम खरे. पण मारल्यावर मंदावून पुन्हा उसळणारा आवाज नेहमीच्या चार टप्प्यांत बसत नाही, इथे बसतो. दोन्ही ओळी वापरल्या तर एका वेळी चार सूर, एकच वापरली तर आठ. पट्टी हळू दाबली काय अन् जोरात दाबली काय, याला फरक कळत नाही; हार्मोनियमच्या पेटीवर हात बसलेल्याला त्याचे काही वाटायचे नाही, पियानोवाल्याला मात्र खटकते.

सीझेड-१००० मध्ये हेच यंत्र पूर्ण आकाराच्या पट्ट्यांसह मिळे. सीझेड-५००० मध्ये सिक्वेन्सर आला आणि १९८६ च्या सीझेड-१ मध्ये दाबाची जाणीव.

वाद्य अडॅप्टरवर चालते तसे विजेरीच्या सहा मोठ्या सेलवरही. कंपनीने भरलेले १६ आवाज कायमचे असतात. वापरणाऱ्याने स्वतः घडवलेले १६ मात्र याच सेलांच्या जिवावर टिकतात. वाद्य बंद करून सेल काढले की ते पुसले जातात. म्हणून आणखी १६ आवाज मावणारे आरए-३ हे खाचेत बसवायचे स्मृतीचे काडतूस लोक आवर्जून घेत. त्यात स्वतःचा छोटा गोल सेल असतो. जुने वाद्य विकत घेताना ते काडतूस सोबत आहे का, हे आजही विचारले जाते.